जुन्या पिकअपच्या बॉनेटच्या बिजागऱ्या दुरुस्त कराव्यात की नव्या बसवाव्यात?

पिंपळगावकर_कांदा:
नमस्कार. माझ्याकडे २००८ सालचा पिकअप असून तो पिंपळगाव बसवंतहून कसारा घाटमार्गे मुंबईकडे कांद्याच्या गोण्या वाहतो. अलीकडे बॉनेट उघडताना उजवीकडचा मागचा कोपरा काचेकडे सरकतो, तिथला रंग घासून पत्रा उघडा पडला आहे आणि बॉनेट हाताने डावीकडे रेटल्याशिवाय लॉक बसत नाही. महामार्गावर वेग वाढला की पुढचे टोक थरथरते. नाशिकच्या द्वारका चौकाजवळचा एक डेंटर बिजागरीला वेल्डिंगचा टाका मारून देतो म्हणतो, तर स्पेअर पार्टवाला जोडी बदलायला सांगतो. जाणकारांनी सल्ला द्यावा.

अंबडचा_फिटर:
पैसे खर्च करण्यापूर्वी झीज नेमकी कुठे झाली आहे ते पाहावे. बॉनेट अर्धे उघडून एकाने पुढून धरावे, दुसऱ्याने मागचा कोपरा वर-खाली हलवावा आणि नजर पिनवर ठेवावी. पिन भोकात खुळखुळत असेल, तर झीज बिजागरीची आहे. पिन घट्ट राहून बिजागरीची अख्खी पट्टीच सरकत असेल, तर बोल्ट ढिले झाले आहेत किंवा बोल्टची भोके लांबट झाली आहेत. बोल्टभोवतीचा पत्राच आत-बाहेर होत असेल, तर आतली पट्टी तडकली किंवा गंजली आहे असे समजावे. तो पत्रा दुरुस्त केल्याशिवाय नवी बिजागरी बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

पिन झिजली असेल तर तिच्यासोबत भोकही अंडाकृती झालेले असते, म्हणून जुन्याच मापाची नवी पिन टाकून उपयोग होत नाही. पिन ८ मिलिमीटरची असल्यास आणि भोकाच्या कडेला पुरेसे लोखंड शिल्लक असल्यास लेथवाल्याकडून भोक १० मिलिमीटरपर्यंत गोल करून त्या मापाची पिन बसवावी, किंवा पितळी बुश (भोकात बसणारी छोटी नळी) ठोकून मूळ मापच कायम ठेवावे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये हे काम सहज होते. पिनच्या टोकाला रिपीट (रिव्हेट) मारताना दोन्ही बाजूंना वॉशर घालावा आणि बिजागरी बोटाने फिरेल इतकीच आवळावी.

वेल्डिंगचा टाका मात्र मुळीच मारू नये. पिन जाम झाली की बॉनेट उचलण्याचा सगळा जोर पत्र्यावर येतो आणि बिजागरीच्या पुढेच पत्रा दुमडतो.

भंगार_पारखी:
भंगारातून बिजागरी घ्यायची असेल तर हातात धरून आडवी हलवून पाहावी. तीही तितकीच वापरलेली असण्याचा संभव असतो, आणि डावी-उजवी सहसा वेगळी असते. नवी जोडी परवडत असेल तर मी तीच घेईन.

पिंपळगावकर_कांदा:
तपासले. उजवी पिन बरीच हलते, डावी थोडी. पत्रा शाबूत आहे. दोन्हींना बुश घालून घेतो. परत बसवताना बॉनेट तिरके होऊ नये म्हणून काय करावे?

अंबडचा_फिटर:
खोलण्यापूर्वी पट्टीभोवती टोकदार खिळ्याने रेघ ओढून ठेवावी. मार्करची खूण तेलाने पुसली जाते. मदतीला माणूस घ्यावा, बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यांखाली जाड गोणपाट ठेवावे आणि एका वेळी एकच बाजू खोलावी. आपल्या गाडीत बिजागरी झिजलेली असताना लॉक ओढून-ताणून बसत होते, त्यामुळे जुनी रेघ ही केवळ सुरुवात समजावी. बोल्ट अर्धवट आवळून बॉनेट हळू टेकवावे, दोन्ही मडगार्डांशी फट सारखी करावी, मगच बोल्ट पक्के करावेत. लॉकला हात सर्वांत शेवटी लावावा: त्याचे बोल्ट सैल करून ते बॉनेटच्या खिळीशी (लॉकमध्ये अडकणाऱ्या भागाशी) जुळवावे. खिळी लॉकमध्ये मधोमध उतरली पाहिजे. पुढच्या रबरी गुट्ट्या बॉनेटला टेकतील इतक्या वर घ्याव्यात, म्हणजे थरथर जाईल.

बॉनेट काचेकडून जोडलेले असल्याने वाऱ्याने उघडले तर थेट काचेवर आदळते, म्हणून लॉक सोडल्यावर सेफ्टी हुक एकट्याने बॉनेट धरून ठेवतो का, हे गाडी उभी असतानाच पाहावे. पहिली फेरी शहरातच मारून बोल्ट पुन्हा आवळावेत आणि त्यानंतरच माल भरून घाटात न्यावे.