मदत हवी आहे: पणजोबांच्या वहीतला 'डिलमन साहेब' कोण? अर्जंट

विश्या_सातारी: लोकहो, पणजोबा पहिल्या महायुद्धात होते, त्यांची मोडीतली वही सापडलीय, एकांकडून देवनागरी करून घेतली. त्यात सारखं 'डिलमन साहेब' आणि 'डारसट गोरे आमचे उजवे हाती' असं येतंय. हा साहेब कोण आणि पणजोबांची पलटण कुठली? रविवारी भावकीचा कार्यक्रम आहे, बॅनर टाकायचाय.

तिरकस: आघाडी कुठली? फ्रान्स, आफ्रिका, इराक? साल? आम्ही काय वही बघितलीय का.

बेळगावचा_पाहुणा: सरळ बेळगावला मराठा सेंटरला, म्हणजे लष्कराच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटच्या केंद्राला, पत्र टाका. माझ्या आजोबांचं पेन्शनचं असंच अडकलं होतं.

तिरकस: पेन्शन कोणी विचारलंय?

विश्या_सातारी: इराक. बसरा, सलमान पाक, मग कूतचा वेढा. पलटण ११० असं काका म्हणायचे.

रानफूल: मग काका चुकले. डारसट म्हणजे डॉर्सेट, गोऱ्यांची पलटण. इराकात लढलेल्या जनरल टाउनशेंडच्या ६ व्या डिव्हिजनमध्ये ते १६ ब्रिगेडला होते आणि त्या ब्रिगेडचा जनरल डेलामेन, हाच तुमचा डिलमन. त्यांच्याबरोबर मराठे होते ११७ चे. ११० वाले १८ ब्रिगेडला, नॉरफोक या दुसऱ्या गोऱ्या पलटणीबरोबर, आणि १०३ वाले १७ ला. छापा ११७.

जुना_गडी: छापा काय छापा! सलमान पाकला, म्हणजे टेसिफॉनला, फौज कॉलममध्ये, म्हणजे लढाईपुरत्या केलेल्या मिश्र तुकड्यांत, वाटली होती, तिथे ब्रिगेडच्या तक्त्यावर जाऊन चालत नाही, आणि कूतमध्ये तर सगळेच एकमेकांचे शेजारी. ते उजव्या हाताचं वाक्य कधीचं आहे ते आधी सांगा.

विश्या_सातारी: तारीख नाहीये हो. 'त्रिपुरीचे चांदणे, रात्री कूच' एवढंच.

जुना_गडी: अहो हीच तारीख! १९१५ ची त्रिपुरी पौर्णिमा २१ नोव्हेंबरच्या सुमारास आणि टेसिफॉनची लढाई २२ ला सुरू. म्हणजे कॉलमचाच मामला.

रानफूल: तिथेही एका कॉलमवर डेलामेनच होता. आणि डारसट 'सारखं' येतंय म्हणालेत ते, एकदा नाही.

मर्द_मावळा: यशवंत घाडगे व्हिक्टोरिया क्रॉस याच मराठा रेजिमेंटचे!!

तिरकस: ते १९४४, इटली. दुसरं महायुद्ध.

जुना_गडी: भांडण नको, पणजोबांचं युद्धाचं पदक आहे का घरात? पांढरं, चांदीचं, राजाचं डोकं असलेलं. पदक आडवं धरून कड भिंगाखाली बघा, नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेलं असतं. पण नुसता नंबर धरून शोधू नका, तेव्हा प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे, एकच नंबर चार जणांचा निघतो.

विश्या_सातारी: पदक धाकट्या चुलत्यांकडे, ते जमिनीच्या वादापासून बोलत नाहीत. बरं, शेवटी शेवटी पणजोबा जमादार होते, आत्या म्हणते बॅनरवर ते नको, आता जमादार म्हटलं की सफाईवाला वाटतो, लोक हसतील.

रानफूल: हसू देत. तेव्हाचा जमादार म्हणजे आजचा नायब सुभेदार, जवान सॅल्यूट मारायचे. मोठ्या अक्षरात टाका. पलटणीची जागा मात्र चुलत्यांना फोन होईपर्यंत मोकळी ठेवा.

बेळगावचा_पाहुणा: मोडी कोणाकडून वाचून घेतलं? आमच्याकडे सातबाऱ्याचे जुने कागद आहेत, पानाला किती घेतात?