पेट्रा (जॉर्डन) आई-बाबांसोबत: एक दिवस पुरतो का? सल्ला हवाय

वाळूतली_पावलं
मंडळी, नोव्हेंबरात दुबईहून पेट्राला (खडकात कोरलेलं प्राचीन शहर) चाललोय, मी, बायको, एक ट्रेकवाला मित्र आणि आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात पण ती म्हणते मी कुठेही मागे राहणार नाही. टूरवाला सांगतोय एक दिवस पुष्कळ झाला. खरंच? आणि मॉनेस्ट्रीच्या (डोंगरावर वर कोरलेली मोठी वास्तू) पायऱ्या तिला जमतील का?

सह्यभटकी
एका दिवसात नका हो करू. आम्ही तेच केलं, दुपारी सासूबाई थिएटरपाशी (दगडात कोरलेलं जुनं प्रेक्षागृह) थकून बसल्या, आम्ही दोघं वर पळत जाऊन आलो, धड त्यांच्याबरोबर थांबलो नाही की धड मॉनेस्ट्री मनासारखी बघितली नाही, अजून रुखरुख आहे. व्हिजिटर सेंटरपासून ट्रेझरी (खडकात कोरलेली सगळ्यात प्रसिद्ध वास्तू) जवळपास २ किमी, तिथून खाली जेवायच्या जागेपर्यंत अजून तेवढंच, म्हणजे मॉनेस्ट्रीच्या ८०० वर पायऱ्या सुरू व्हायच्या आधीच ४ किमी झाले आणि परत येताना सगळा चढ. आम्ही गेलो तेव्हा एका दिवसाचं तिकीट ५० दिनार नि दोन दिवसांचं ५५ होतं, मग कशाला घाई? जॉर्डन पास (पर्यटकांचा एकत्रित प्रवेश पास) घेतलात तर व्हिसा फी पण वाचते, फक्त तो प्रवासाला निघायच्या आधी काढा आणि देशात किमान ३ रात्री राहा.

लेणीवेडा
+१. पहिला दिवस आईंच्या चालीने करा. सकाळी ६ ला गेट उघडतं तेव्हाच आत शिरा. सिकमध्ये (ती सव्वा किमीची अरुंद घळ) सगळे ट्रेझरीच्या ओढीने भराभर चालतात, तुम्ही कडेच्या भिंती बघत चला, नबातियन लोकांनी (हे शहर वसवणारे प्राचीन अरब) दगडात कोरलेले पाण्याचे पाट अजून दिसतात, वाळवंटात एवढं शहर जगलं ते त्या पाण्यावर. आणि ट्रेझरी आपल्या कैलासासारखीच वरून खाली कोरत आणलीय, आईंनी वेरूळ बघितलं असेल तर त्यांना हे नक्की सांगा, माझ्या आईचे डोळे भरून आले होते.

पावसाचा अंदाज मात्र रोज बघा. १९६३ मध्ये सिकमध्ये लोंढा येऊन वीसहून जास्त फ्रेंच पर्यटक दगावले. आकाश भरलेलं असेल तर आत जाऊच नका.

वाळूतली_पावलं
बापरे, हे माहीत नव्हतं. दोन दिवस पक्के. मग पायऱ्यांचं काय, गाढवं मिळतात म्हणे?

सह्यभटकी
मिळतात पण घेऊ नका, पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, बाजूला दरी आहे आणि त्या मुक्या जनावराचे हाल बघवत नाहीत. ट्रेझरीपर्यंत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात, दुसऱ्या दिवशी आईंना त्यातून आणा, पुढे रॉयल टूम्ब्ज (कड्यात कोरलेली भव्य थडगी) खालून बघत निवांत बसा. पायऱ्या चढायच्याच असतील तर काठी घेऊन, दर वळणाला थांबत. मॉनेस्ट्रीवर ऊन दुपारनंतर येतं त्यामुळे घाई नाहीच, समोर चहाची टपरी आहे.

लेणीवेडा
ट्रेकवाल्या मित्रासाठी: लिटल पेट्राकडून (जवळचंच छोटं कोरीव ठिकाण) मागच्या वाटेने थेट मॉनेस्ट्रीला पोचता येतं. तिकीट वादी मुसातून (पेट्राच्या गेटाजवळचं गाव) आधी काढून जवळ ठेवा, वाटेवर मिळत नाही. वाटाड्या घ्या, पाणी माणशी ३ लिटर.

वाळूतली_पावलं
आईला वाचून दाखवलं. म्हणाली काठी आजच आण.