गणितवाल्यांचं तिथे काय काम?
वर एकांनी विचारलंय, सोलापुरात एम.एस्सी. गणित करणाऱ्या मुलीने डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंगच्या (अनेक संगणकांनी मिळून एक काम करण्याच्या शास्त्राच्या) परिषदांकडे कशाला बघावं? माझ्या मते तिनेच आधी बघावं!

एक उदाहरण देतो. प्रत्येक प्रोसेसरची संभाव्य स्थिती म्हणजे एक बिंदू. ज्या स्थिती एकाच वेळी असू शकतात ते बिंदू जोडायचे; तीन प्रोसेसर असले की त्रिकोण तयार होतात. संदेशांची कितीही देवाणघेवाण झाली तरी ही आकृती अखंडच राहिली, तर सगळ्या प्रोसेसरांचं एकाच उत्तरावर एकमत होणं अशक्य. ही निव्वळ टोपॉलॉजी आहे, म्हणजे आकृती ताणली-वाकवली तरी न बदलणाऱ्या गुणांचं गणित. हर्लिही-शाविट आणि सॅक्स-झाहारोग्लू या संशोधकांच्या जोड्यांनी १९९३ च्या स्टॉक (STOC) या सैद्धांतिक संगणकशास्त्राच्या परिषदेत ही टोपॉलॉजीची पद्धत मांडली आणि २००४ चं ग्योडेल पारितोषिक, म्हणजे त्याच शास्त्रातला मोठा सन्मान, त्या कामालाच मिळालं.

डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंगच्या दोन मुख्य परिषदा म्हणजे पॉडसी (PODC) आणि डिस्क (DISC): पॉडसी १९८२ पासून भरते, डिस्क १९८५ पासून. फी भरली की प्रमाणपत्र देणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय' परिषदांची पत्रकं आपल्या कॉलेजांच्या फलकांवर लागतात, त्यांच्याशी यांची गल्लत कृपया करू नका. मुलांचे पैसे जातात हो त्यात.

डिस्कचे २०१७ पासूनचे निबंध नेटवर फुकट आहेत. प्रस्तावना आणि पहिलं प्रमेय, एवढंच आधी वाचायला सांगा तिला. अडलं तर इथेच विचारू दे, मी बसतो सोबत.