जुन्या वॉकमनचा मूळ सेल: जगवायचा की सोडून द्यायचा?

चपटासेल (धागाकर्ता)

बरीच वर्षं बंद पडून असलेला चपटा कॅसेट प्लेअर परवा बाहेर काढला. ज्यांनी ही जात पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोनीचा १९७९चा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, साध्या दोन पेन्सिल सेलवर चालायचा. पुढे यंत्रं बारीक करायची चढाओढ लागली, तेव्हा गोल सेलला आत जागाच उरली नाही. मग आला च्युइंगगमच्या कांडीसारखा चपटा, जेमतेम सहा मिलिमीटर जाडीचा रिचार्जेबल सेल. सगळे त्याला गमस्टिक म्हणतात. एकच सेल, १.२ व्होल्ट. पेन्सिल सेलवर चालवायचंच असेल तर बाहेरून एक डबी स्क्रूने अडकवायची, म्हणजे त्या देखण्या यंत्राला गळू झाल्यासारखं दिसतं.

झाकण उघडलं तर सेल आतच राहिलेला. टोकाला पांढरी बुरशीसारखी पूड, स्प्रिंगवर हिरवट थर. ही पूड म्हणजे सेलमधून पाझरलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, हवा लागून त्याचं कार्बोनेट झालेलं. कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा थेंब घेऊन टेकवला की बारीक फसफस होते. ती थांबेपर्यंत पुसायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडं करायचं. स्प्रिंग वाचली. पत्र्याची पट्टी मात्र बोट लागताच तुटली.

म्हणून माझं मत, शिव्या खायची तयारी ठेवून: मेलेले सेल जागवायचे सगळे प्रयोग बंद करा. सेल ही वापरून संपवायची वस्तू आहे, यंत्र नव्हे. नवा गमस्टिक मिळाला तर घाला, नाहीतर डबी लावा. पण पंचवीस-तीस वर्षांचा सेल "मूळचा आहे" म्हणून आत ठेवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

खरखर

साफ असहमत. मेलेला आणि झोपलेला यात फरक असतो हो!

माझ्याकडे पाच जुने निकेल-कॅडमियम गमस्टिक होते. फेकायच्या आधी प्रत्येकाला हळू चार्जिंग दिलं, म्हणजे क्षमतेच्या एक दशांश करंटवर चौदा-सोळा तास. ६०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) सेल असेल तर ६० मिलिअँपिअर. मग छोट्या बल्बवर १ व्होल्टपर्यंत उतरवला, पुन्हा भरला, असं तीनदा. पहिल्या फेरीत सेल वीस मिनिटांत बसायचा, तिसऱ्या फेरीत दीड तास गेला. पाचातले तीन उठले. तुमच्या हिशोबाने पाचही कचऱ्यात गेले असते, आणि कॅडमियम हा विषारी धातू आहे हेही विसरू नका. युरोपने २००६च्या निर्देशात रोजच्या वापराच्या बॅटऱ्यांतून तो जवळजवळ हद्दपार केला तो उगाच नाही.

चपटासेल

@खरखर, तीन उठले हे मान्य. पण त्यातला एकही यंत्रात ठेवून तुम्ही महिनाभर निर्धास्त झोपाल का? मुद्दा गळतीचा आहे, उठण्याचा नाही. विषारी आहे म्हणूनच तो ई-कचऱ्याच्या संकलनात द्यायचा, कप्प्यात जपायचा नाही.

शून्यव्होल्ट

झोपलेल्यांचं झालं, मेलेल्यांचंही सांगतो. मीटरवर सरळ ० दाखवणाऱ्या सेलच्या आत बहुधा कॅडमियमच्या सुया वाढलेल्या असतात आणि मधला पडदा भेदून त्यांनी दोन्ही बाजू जोडलेल्या असतात. मोठ्या करंटचा क्षणभर झटका दिला की सुई वितळते आणि मीटरवर १.२ येतो. मी केलंय हे. जादू वाटते.

चपटासेल

आणि पडद्याचं भोक? ते कोण बुजवतं?

शून्यव्होल्ट

कोणी नाही. दोन आठवड्यांत पुन्हा शून्य. जादू वाटते म्हणालो, टिकते म्हणालो नाही. :)
झटक्याचा नाद नवख्यांनी करू नये, बंद सेलमध्ये वायू साठून तो फुटू शकतो. लिथियमवर तर कोणीच करू नये.

डाखवाला

तुम्ही सगळे १९९०मध्येच अडकलात. लिथियम पॉलिमरची पातळ पिशवी घ्या, पुढे ३.७चे १.५ व्होल्ट करणारं नखाएवढं सर्किट जोडा, सगळं गमस्टिकच्या मापाच्या डब्यात बसवा. यूएसबीने चार्ज होतं. मी दोन प्लेअरमध्ये केलंय. गळती नाही, मेमरी इफेक्ट नाही (अर्धवट वापरून पुन:पुन्हा भरल्याने क्षमता घटल्यासारखी वाटणं), मूळ-बिळ काही नाही.

खरखर

रेडिओ लावून बघितला का? व्होल्टेज उतरवणारं ते सर्किट सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतं, आणि ती उघडझाप एएम पट्ट्यावर सरळ गुणगुणते. बाजारात १.५ व्होल्टचे यूएसबी पेन्सिल सेल येतात, त्यांच्याही पोटात हेच असतं. कॅसेटच्या दोन गाण्यांमधल्या शांततेत मला ती शिट्टी ऐकू येते.

डाखवाला

फिल्टर टाका. एक कॉइल, एक कॅपॅसिटर. माझ्यात शिट्टी नाही. रेडिओचं मान्य, माझे दोन्ही बिनरेडिओचे आहेत.

चपटासेल

@डाखवाला, शिट्टीपेक्षा मला फुगण्याची भीती जास्त. माझा एक हार्डडिस्कवाला प्लेअर चार वर्षं पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून होता. पिशवी फुगून मागचा स्टीलचा पत्रा कडेने उचलला गेला. स्क्रीन आतून दाबली जाऊन मधोमध पिवळसर डाग उमटला. निकेलचा सेल गळतो तेव्हा पट्टी खातो. लिथियम फुगला की यंत्राचा सांगाडाच वाकवतो.

डाखवाला

४.२ व्होल्टवर चार वर्षं ठेवलात तर फुगणारच, त्यात पिशवीचा काय दोष! निम्म्यावर ठेवायचा, थंड जागी, आणि अधूनमधून बघायचा.

मिनीडिस्क

इथे धागाकर्त्यांचा नियम मोडतो. माझ्याकडे २००६चा एमझेड-आरएच१ आहे, सोनीचा मिनीडिस्क प्लेअर (छोट्या चकत्यांवर चालणारा). त्याचा एलआयपी-४डब्ल्यूएम हा दिसायला गमस्टिकच, पण लिथियम, ३.७ व्होल्टचा. नवा, विश्वासू सेल मिळणं दुरापास्त. "वापरून संपवायची वस्तू" संपली की माझं यंत्रही संपल्यात जमा. त्यामुळे मी तो सेल जिवापाड जपतो. साधारण निम्म्या चार्जवर, यंत्राबाहेर, प्लास्टिकच्या डबीत. दर तीन महिन्यांनी मीटर लावतो. लिथियम २.५ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि नंतर चार्ज केला तर आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. असा खोल गेलेला सेल मात्र मीही "जागवत" नाही.

चपटासेल

@मिनीडिस्क, हे पटलं. "यंत्राबाहेर" हा तुमचा शब्द माझ्या मूळ लेखात असायला हवा होता.

निकेलनाना

एका गोष्टीवर कोणीच बोललं नाही, ती म्हणजे चार्जर. कॅडमियमच्या जमान्यातल्या चार्जरमध्ये नवा निकेल-मेटल हायड्राइड गमस्टिक घालू नका. सेल पूर्ण भरला की त्याचं व्होल्टेज किंचित घसरतं आणि हुशार चार्जर ते बघून थांबतो. कॅडमियममध्ये ही घसरण ठळक असते, हायड्राइडमध्ये इतकी बारीक की जुन्या चार्जरला ती दिसतच नाही. तो भरत राहतो आणि सेल तापतो. मी एक सेल असाच भाजून काढला, वरचं प्लास्टिक आक्रसून मधे धातू उघडा पडला. "नवीन सेल सहा महिन्यांत मेला" म्हणणारे निम्मे लोक याच कारणाने म्हणत असावेत, असा माझा संशय.

आणि १.५च्या जागी १.२ व्होल्ट चालतात का, हे दर वेळी विचारतात. चालतात. अल्कलाइन सेलही भार पडल्यावर लवकरच १.२च्या आसपास येतो. फक्त बॅटरीचा लाल दिवा आधी मंद होईल.

सुकलेलंग्रीस

सगळं वाचलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

"सेल टिकत नाही" म्हणून आलेल्या यंत्रांत मी आधी करंट मोजतो. चपटा प्लेअर १०० ते १५० मिलिअँपिअरच्या आसपास खायला हवा. ग्रीस घट्ट झालं, मोटरचा रबरी पट्टा चिकट झाला, नाहीतर त्या काळचे छोटे कॅपॅसिटर पाझरले, की तोच २५० खातो. मग सेल सोन्याचा घाला, अर्ध्या वेळात बसणार. @चपटासेल, तुमचा किती खातो?

चपटासेल

मोजला नाही. आज रात्री मोजतो.

चपटासेल (दुसऱ्या दिवशी)

२१० निघाला. पट्टा बदलला, दोन दात्यांवरचं वाळलेलं ग्रीस खरवडून नवं लावलं. आता १३०. तुटलेल्या पट्टीच्या जागी पितळेचा तुकडा डाखला (@डाखवाला, तेवढं मलाही येतं).

शिवाय @खरखर यांच्या हट्टाखातर त्या जुन्या सेलला एक फेरी दिली, चौदा तास, ६० मिलिअँपिअरवर. कॅसेटची पहिली बाजू पूर्ण वाजली, दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात आवाज लोळायला लागला.

खरखर

अजून दोन फेऱ्या बाकी आहेत!

चपटासेल

सेल काढून झिपच्या पिशवीत ठेवलाय, ई-कचऱ्यात टाकायला. उरलेली बाजू गळवासकट ऐकली.