एका कानाने कमी ऐकू येणारी १६ महिन्यांची मुलगी: मशीन, तपासण्या आणि बोलण्याबद्दल सल्ला हवा

निशिगंध_सोलापूर
मुलगी १६ महिन्यांची आहे. जन्मानंतरच्या ओएईमध्ये (कानाची पहिली चाळणी-चाचणी) डावा कान 'पास', उजवा 'रेफर' (म्हणजे पुढे तपासा). पुन्हा केली तरी तेच. आता बेरा (आवाज देऊन नसेचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) झाली: डाव्याला २५ डेसिबलपासून ऐकू येतं, उजव्याला ७५ पासून. हाक मारली की ऐकते, पण आवाज कुठून आला ते शोधत राहते. शब्द पाच-सहा: आई, बाबा, माऊ, भू, दे. घरात सगळे म्हणतात एक कान चांगला आहे, बोलेल आपोआप. मशीन (श्रवणयंत्र) लावायचं का? आणखी कुठल्या तपासण्या? घरी काय करायचं? आणि पुढे प्लेग्रुप इंग्रजी घेतला तर चालेल का?

श्रवणवेध (ऑडिओलॉजिस्ट)
ताई, बेराचा रिपोर्ट पुन्हा उघडा. उजवा कान तपासताना डाव्या कानात मास्किंगचा आवाज (तो कान गुंतवून ठेवणारी खरखर) दिला होता का, ते बघा. उजवीकडे सोडलेला मोठा आवाज कवटीतून डाव्या कानापर्यंत पोचतो, आणि आलेखावर दिसणारी पाचवी लाट (आवाज ऐकल्याची खूण) त्या चांगल्या कानाची असू शकते. म्हणजे कागदावर ७५ आणि प्रत्यक्षात उजव्या कानाला जवळजवळ काहीच नाही, असं होऊ शकतं. मशीनचा सगळा निर्णय या एका आकड्यावर आहे, त्यामुळे मास्किंग नसेल तर चाचणी परत करून घ्या. नुसती क्लिक बेरा (टिक-टिक आवाजावर केलेली) मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झचंच, म्हणजे बारीक आवाजांचंच सांगते. ५०० आणि १००० साठी, म्हणजे जाड आवाजांसाठी, टोन बर्स्ट बेरा किंवा एएसएसआर (वेगवेगळ्या स्वरांवर मोजणाऱ्या चाचण्या) मागा. दोन्ही कानांची टिम्पॅनोमेट्रीही हवी, म्हणजे पडद्यामागे पाणी आहे का ते कळेल.

टाळ्या वाजवून किंवा समोरच्या स्पीकरवरून केलेली चाचणी फक्त चांगल्या कानाचं सांगते. या वयाला कानात इन्सर्ट इअरफोन घालून व्हीआरए (मूल आवाजाला वळलं की खेळणं दाखवायची चाचणी) करता येते, त्यात दोन्ही कान वेगळे तपासले जातात.

ईएनटींशी एमआरआयबद्दल बोला. ऐकण्याची नस जन्मतःच बारीक किंवा अजिबात नसणं हे एकाच कानाच्या बहिरेपणात बऱ्यापैकी आढळतं, आणि नस नसेल तर मशीन किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) यांचा उपयोग फारसा होत नाही. आतल्या कानाची व्हेस्टिब्युलर नळी रुंद असेल तर डोक्यावरच्या साध्या आपटीनेही ऐकणं आणखी घसरू शकतं, तेही आधीच कळलेलं बरं. सीएमव्ही (गरोदरपणात आईकडून बाळाला होऊ शकणारा विषाणूसंसर्ग) हे एक मोठं कारण आहे, पण लघवी-लाळेची तपासणी जन्मानंतर २१ दिवसांच्या आत झाली तरच तो संसर्ग जन्मजात होता हे पक्कं सांगता येतं. सीएमव्हीमध्ये चांगला कानही पुढे उतरू शकतो. म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी तपासणी, दोन्ही कानांची.

७५ खरा निघाला तर मशीनची चाचणी नक्की घ्या. बसवताना प्रोब मायक्रोफोनने कानातली मोजणी करून घ्या, अंदाजाने प्रोग्रॅम केलेलं मशीन कधी कमी पडतं तर कधी टोचतं. सुरुवात अर्ध्या तासाने, हळूहळू जागेपणीचा सगळा वेळ. शिट्टी वाजायला लागली की मोल्ड (कानात बसणारा साचा) लहान झाला असं समजा. या वयात तो काही महिन्यांतच बदलावा लागतो. पावसाळ्यात मोल्डच्या नळीत पाण्याचे थेंब साचून आवाज बंद होतो, त्यासाठी हवा मारायचा फुगा आणि रात्री सिलिका जेलची डबी. डबीत ठेवताना बॅटरी काढून ठेवा. बॅटरीच्या दाराला लॉक असलेलंच मशीन घ्या. गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी न करवता थेट रुग्णालय गाठा.

बोलकी_पाटी (स्पीच थेरपिस्ट)
"आपोआप बोलेल" यावर विसंबू नका. पुष्कळ मुलं वेळेवर बोलतात, हे खरं. पण अमेरिकेत १९८०च्या दशकात फ्रेड बेस आणि अ‍ॅन मेरी थार्प यांच्या अभ्यासात एकाच कानाने नीट ऐकणाऱ्या शाळकरी मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं एखाद्या तरी इयत्तेत नापास झालेली आढळली. २०१० साली ज्युडिथ ल्यू यांनी अशा मुलांची त्यांच्याच भावंडांशी तुलना केली, तेव्हाही बोली भाषेचे गुण कमी निघाले.

शांत खोलीत समोर बसून बोललात तर ती सगळं पकडेल. अडचण गोंगाटात आणि अंतरावरून येते. उजवीकडून येणाऱ्या आवाजाला तिचंच डोकं आडवं येतं, आणि त्यात स, श, फ, थ यांसारखे बारीक आवाज आधी जातात. मराठीत तर अर्थ शब्दाच्या शेपटीत असतो: घरात, घराला, घरातून, गेला, गेली, गेलं. वाक्य संपताना आपला आवाज उतरतो आणि मिक्सर चालू असेल तर नेमकं तेच बुडतं. मूल 'घर' ऐकतं, 'तून' राहून जातं. नुसती शब्दसंख्या मोजून हे कळत नाही, दोन वर्षांनंतर प्रत्यय आणि लिंग बरोबर येतात का, ते बघावं लागतं.

अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, ओरडायची गरज पडत नाही. म्हणून हाताच्या अंतरावर, तिच्या डाव्या बाजूला. टीव्ही बंद. कडेवर घेताना डावा कान तुमच्या छातीला दाबला जाऊ देऊ नका. दुसऱ्या खोलीतून हाक मारताना जागा सांगा: "मी इथे आहे, स्वयंपाकघरात." ती "माऊ" म्हणाली की "माऊ आली, माऊ दूध पिते" असं वाढवून द्या, मग पाचेक सेकंद गप्प राहून तिच्या उत्तराची वाट बघा. ही वाट बघणं बहुतेक घरांत राहून जातं, मोठी माणसं लगेच पुढचं बोलतात.

हातवारे न करता "चेंडू दे" समजतं का ते आत्ताच बघा. दोन वर्षांपर्यंत ५० च्या आसपास शब्द आणि "अजून दूध", "बाबा गेले" अशी जोडी यायला हवी. नाही आली तर थांबू नका, थेरपी सुरू करा. इंग्रजी प्लेग्रुप चालेल, पण घरातली मराठी कमी करू नका. माध्यमापेक्षा खोलीत किती मुलं आहेत आणि किती घुमतं, ते बघून प्लेग्रुप निवडा.

खडूफळा
बालवाडीत पुढून दुसरी रांग, फळ्याकडे तोंड केल्यावर उजवीकडची जागा, म्हणजे डावा कान बाई आणि वर्गाकडे येतो. पंखा, खिडकी, दारापासून लांब. गाडीतही मागच्या सीटवर उजवीकडे. शाळेत रिमोट माइक (बाईंचा आवाज थेट मशीनमध्ये पाठवणारा) वापरणार असाल तर तो बाईंच्या तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर हवा. ओढणीत किंवा पदरात अडकला की नुसती खरखर ऐकू येते.

श्रवणवेध
एक राहिलं. डावा कान जपा. त्यात तेल घालू नका. ढोल-ताशा आणि फटाक्यांच्या वेळी इअरमफ घाला. सर्दीनंतर आठवड्याभरात ऐकणं मंदावलं वाटलं तर टिम्पॅनोमेट्री करा, कारण तिथे पाणी साचलं तर तिला दोन्हीकडून कमी ऐकू येईल. गालगुंडामुळेही कान जाऊ शकतो. सरकारी लसीकरणात एमआर (गोवर-रुबेला) आहे, गालगुंडाची नाही. म्हणून एमएमआरबद्दल (गोवर-गालगुंड-रुबेला) बालरोगतज्ज्ञांना विचारा.

निशिगंध_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का? आणि हे सगळं सरकारी ठिकाणी कुठे होतं?

बोलकी_पाटी
प्रमाणपत्राचं गणित असं: चांगल्या कानाच्या बहिरेपणाची टक्केवारी गुणिले ५, अधिक वाईट कानाची, भागिले ६. एक कान पूर्ण गेला आणि दुसरा नॉर्मल असला तरी १०० भागिले ६, म्हणजे सुमारे १७ टक्के. सवलतींसाठी ४० लागतात. तपासण्यांसाठी जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात (लहान मुलांचं लवकर निदान-उपचार केंद्र) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चौकशी करा. मुंबईला जाणं जमणार असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था (वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था). खासगीत गेलात तर ऑडिओलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का, ते आधी विचारा.