मदत हवी आहे: हद्रमौतच्या राजासोबत गेलेले दोन हिंदी (भारतातले) लोक व्यापारी होते की वकील (राजदूत)?

नमस्कार मंडळी, येमेनमधल्या जुन्या राज्यांवर (सबा, माईन, कताबान, हद्रमौत) लेख लिहायला घेतलाय आणि एका शिलालेखापाशी गाडी अडलीये, जाणकारांनी प्लीज मदत करा.

शबवा ही हद्रमौतची राजधानी. तिच्या पश्चिमेला अल-उक्ला म्हणून एक खडक आहे, तिथे राजा किताब धारण करायला जायचा आणि सोबत कोण कोण होतं ते लोक तिथेच कोरून ठेवायचे. तिसऱ्या शतकातल्या इलअझ्झ यलुत राजाच्या वेळचा एक लेख आहे, त्यात दोन पाल्मायराचे (सीरियातलं व्यापारी शहर), दोन खाल्डियन (दक्षिण इराककडचे) आणि दोन हिंदी लोक राजाबरोबर होते असं चक्क लिहिलंय! हिंदी लोकांची नावं 'दहरदह' आणि 'मनदह' अशी दिसतात, त्या लिपीत स्वर लिहीत नाहीत म्हणून इतकंच हाती लागतं.

आता हे दोघं कोण? बरेच जण त्यांना थेट राजदूत म्हणतात, काही जण बंदरावरचे व्यापारी. मला वाटतं तिकडे हा भेद आपण समजतो तितका नव्हताच. सबाच्या एका ब्राँझच्या पत्र्यावर नश्क गावच्या माणसाने लिहून ठेवलंय की तो काफिला घेऊन ददान (वायव्य अरबस्तानातलं), गाझा आणि यहुदाच्या गावांपर्यंत गेला, पुढे सायप्रसच्या कितिऑनलाही, आणि तोच माणूस राजाचा वकील म्हणूनही जाऊन आला. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये (ग्रीक भाषेतली समुद्री व्यापाराची माहितीपुस्तिका) तर तांबड्या समुद्रावरच्या मुझा बंदरात येणारा जो माल सांगितलाय त्यातच राजा आणि सुभेदारासाठीचे घोडे, खेचरं, सोन्याची भांडी, भारी कपडे आहेत, आणि हाच राजा, सबा आणि हिम्यरचा खरिबएल, सतत वकिलाती आणि भेटी पाठवून रोमच्या सम्राटांचा दोस्त झाला होता असंही त्याच्या लगेच आधी येतं. म्हणजे नजराणा मालाच्याच जहाजातून यायचा. त्याच्या सातेकशे वर्षं आधी सबाच्या करिबइलूने असीरियाच्या सेन्नाखेरिबला रत्नं आणि सुगंधी द्रव्यं पाठवली, ती त्याने देवळाच्या पायात घातली, तिथेही भेट म्हणून गेला तो त्यांचा विकायचाच माल ना. आणि रोमन लेखक प्लिनी सांगतो तसं धूप एकाच वेशीतून शबव्यात न्यायचा, देवाचा दहावा हिस्सा काढल्याशिवाय विकायचा नाही, वाट सोडली तर मरणाची शिक्षा, असं असताना राजाला धरून न राहता कोण धंदा करणार?

आपली माणसं त्या भागात होती हे तर नक्कीच, सोकोत्राच्या होक गुहेत भडोचच्या खलाशांनी ब्राह्मीत नावं लिहिलीत आणि ते बेट पेरिप्लसच्या काळी हद्रमौतच्याच राजाकडे होतं. कल्याण आणि चौलही त्याच पुस्तकात येतात.

तर प्राकृत येणाऱ्यांनी सांगा, ती दोन नावं मुळात काय असतील? क्षत्रप किंवा सातवाहनांच्या लेखांत अरबस्तानाकडे माणूस पाठवल्याचा उल्लेख कुणी वाचलाय का? आणि ओमानमधल्या सलालाहला राहणारं कुणी असेल तर जवळच्या खोर रोरीच्या सुम्हुरमला (हद्रमौतचं जुनं बंदर) वेशीच्या भिंतीत हद्रमौती लेख अजून जागेवर आहेत, त्यांचे जवळून काढलेले फोटो हवेत, सकाळच्या तिरप्या उन्हात काढले तर अक्षरं उठून दिसतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.