पुण्यात राहून एमपीएच करायचंय, बजेट २ लाख. सल्ला हवा

उपकेंद्रवाली
नमस्कार मंडळी. मी बीएएमएस. तीन वर्षं मुळशीतल्या एका उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, कंत्राटी. २५ हजार पगार आणि कामावरचा मोबदला जास्तीत जास्त १५ हजार. रोज बीपी-शुगर तपासते, रजिस्टर भरते, वर पाठवते. एका वाडीत पस्तिशीच्या आतलेच बीपीचे पेशंट इतके का सापडतात, हे मला कुणी विचारत नाही आणि कसं शोधायचं ते मला येत नाही. म्हणून एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, घ्यायची आहे.
अटी दोनच. दोन वर्षांची फी २ लाखांच्या आत, आणि पुणे सोडता येणार नाही. सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, नेणं-आणणं माझ्याकडे आहे.
कुणी केलंय का? पुढे काम मिळतं का?

मंदार_लंडन
ताई, करायचं तर बाहेरच करा. मी लंडनला एका वर्षात एमएससी केलं, दृष्टीच बदलते. २ लाखांत तिथलं दोन महिन्यांचं भाडं जेमतेम सुटेल, पण चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तर फी, तिकीट, राहणं सगळं निघतं. दोन वर्षांचा अनुभव मागतात, तुमचा तीन आहे. नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतायचं, एवढीच अट. डॉ. अभय आणि राणी बंगही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच करून आले आणि मग गडचिरोलीत कामाला लागले.

कोथरूडची_वहिनी
मंदार, पुणे सोडता येणार नाही असं लिहिलंय त्यांनी. वाचा तरी.
माझ्या भाचीने एका खासगी ठिकाणी एमपीएच केलं. माहितीपत्रकात शंभर टक्के प्लेसमेंट. प्रत्यक्षात मेडिक्लेमच्या फायली तपासायचं काम मिळालं, आणि साडेपाच लाख गेले. माझ्या वहिनीने, तिच्या आईने, पाटल्या मोडल्या त्यासाठी. एमपीएचच्या नादी लागू नका, हॉस्पिटलचं एमबीए करा.

स्वस्थवृत्त_एमडी
बीएएमएस करून वाट का सोडताय? एआयएपीजीईटी ही आयुष पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्या आणि स्वस्थवृत्तात, म्हणजे आयुर्वेदातल्या आरोग्यरक्षणाच्या विषयात, एमडी करा. रोगप्रतिबंध हाच विषय आहे, स्टायपेंड मिळतो, पुढे कॉलेजात शिकवता येतं. मी हेच केलं, आज सहयोगी प्राध्यापक आहे.

बीजे_९४
एक स्पष्ट करतो. एमपीएच केलं म्हणजे एमडी पीएसएम (एमबीबीएसनंतरची सामुदायिक वैद्यकाची पदवी) झालं असं होत नाही. माझ्या दोन ज्युनिअर्सनी एमबीबीएसनंतर तसं समजून केलं आणि मेडिकल कॉलेजच्या जागांसाठी अडकले.

स्वस्थवृत्त_एमडी
सर, प्रश्न बीएएमएसचा आहे. त्यांना पीएसएम मिळणारच नाही.

बीजे_९४
इतर वाचणाऱ्यांसाठी लिहिलं. धागा सगळेच वाचतात.

धायरीकर
अवांतर होईल, पण लिहितो. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या सिंहगड रस्त्यावर जीबीएस (हातापायांतली ताकद जाणारा मज्जातंतूंचा आजार) आला तेव्हा घरोघरी माणसं आली, पाणी कुठलं पिता विचारून गेली. आमच्याकडे सगळे ठणठणीत, तरी अर्धा तास प्रश्न! जे आजारी आहेत त्यांच्याकडे जा ना. आमच्या घरातल्या लहान पोरालाही विचारलं, पाणीपुरी कधी खाल्लीस. ही पदवी घेऊन हेच करायचं असतं का?

आकडेमोड
धायरीकर, हे अवांतर नाही, हाच अभ्यासक्रम आहे. नुसतं आजाऱ्यांना विचारलं तर सगळे म्हणतील विहिरीचं पाणी पितो. पण तुमच्या सिंहगड रस्त्यावरच्या नांदेडगावात शेजारीही तेच पाणी पीत असतील, तर त्यावरून काय ठरवणार? म्हणून न आजारलेल्यांनाही तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे आणि फरक कुठे पडतो ते बघायचं. त्याआधी कोणाला रुग्ण धरायचं याची व्याख्या पक्की करायची, एकेकाची नोंद करायची, नकाशावर ठिपके टाकायचे. जोडीला प्रयोगशाळा असते. तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला होता. तुमच्या ठणठणीत घराने दिलेला अर्धा तास फार मोलाचा होता.
ताई, मी एमपीएच करून याच कामात आहे. कुठेही प्रवेश घेण्याआधी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा, प्राध्यापकांना नंतर. जैवसांख्यिकी (आरोग्याच्या आकडेवारीचं शास्त्र) शिकवायला कायमचा माणूस आहे का? ‘आर’ ही आकडेवारीची संगणकप्रणाली स्वतः चालवायला लावतात का? प्रबंधाची माहिती स्वतः गोळा करायला लावतात, की कुणाच्या तरी जुन्या फाइलवर भागवतात? नीतिशास्त्र समितीसमोर प्रस्ताव मांडावा लागतो का? शेवटचे दोन प्रश्न सोडू नका, तिथेच माणूस शिकतो. मी पुणे जिल्ह्यातल्या वढूला शिकले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे लोक तिथल्या गावांतले जन्म, मृत्यू, स्थलांतर वर्षानुवर्षं नोंदवत आलेत. अशा ठिकाणी उमेदवारी करता आली तर सोडू नका.
नोकरीचं म्हणाल तर आरोग्य अभियानाच्या जिल्हा पातळीवरच्या जाहिरातींत ‘वैद्यकीय पदवीधर आणि एमपीएच, एमएचए (रुग्णालय प्रशासन) किंवा एमबीए’ असं पुष्कळदा असतं. तुम्ही पहिल्या अर्ध्यात आधीच बसता.

कोथरूडची_वहिनी
तेच तर म्हणतेय, एमबीएसुद्धा चालतं!

निवृत्त_सहाय्यक
चौतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. हातची नोकरी सोडू नका, कंत्राटी का असेना. आमच्या वेळी हिवतापाच्या रक्तपट्ट्या घेत सायकलवर फिरायचो, कुणाकडे पदवी नव्हती आणि काम चोख होतं.

पाषाणकर
टिसचं (टाटा समाजविज्ञान संस्थेचं) नाव कुणी कसं घेतलं नाही? मुंबईत देवनारला आहे, आरोग्य प्रशासनात एमपीएच आहे. मुंबई काय लांब नाही, डेक्कन क्वीनने रोज जाणारे पुष्कळ आहेत. नाहीतर त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन केंद्र, १९९७ पासून एमपीएच चालवतात. आणि लंडनचंही मनात ठेवा, वर कुणीतरी लिहिलंय.

उपकेंद्रवाली
सगळ्यांचे आभार. निर्णय घेतलाय. तुमच्यापैकी कुणीच सुचवलं नव्हतं तिथे जातेय, आपल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान विभागात. परवा रजा टाकून गेले. आकडेमोड, तुमचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. दुसऱ्या वर्षाच्या तिघी भेटल्या. एकीने प्रबंधाची प्रश्नावली दाखवली, मागे दोनदा बदलायला लावलेल्या प्रती टाचलेल्या होत्या. मला तिथेच पटलं. डायलिसिस सेंटरही त्या बाजूला आहे. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला, नाव लागलं की राजीनामा देईन. निवृत्त_सहाय्यक काका, रागवू नका.
आकडेमोड, वाडीतल्या न आजारलेल्यांना काय विचारायचं ते आत्तापासून लिहून काढते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर बघाल का?

आकडेमोड
जरूर करा. रजिस्टरचे फोटो मात्र पाठवू नका, त्यात पेशंटची नावं असतात. आधी वय, बाई-पुरुष आणि मीठ-मशेरीच्या सवयी, एवढेच रकाने आखा.